चौथा रकाना

"यंत्र कधीही चुकत नाही. चुकतो तो माणूस!"

हे वाक्य छापून, काचेत घालून एखाद्या कारखान्याच्या दारावर टांगावं अशा तोलाचं होतं, आणि चौतीस वर्षं ते एका कारखान्याच्या दारावर टांगलेलं होतंही. आज मात्र ते उच्चारताना चौकशीसाहेबांच्या अंगावर फक्त एक टॉवेल होता, आणि तोही बायकोचा, फुलाफुलांचा. त्यांचे कपडे समोरच्या वॉशिंग मशीनच्या पोटात होते, कपड्यांच्या डोक्यावर पाणी होतं, आणि पाणी बाहेर पडायला तयार नव्हतं. गोल काचेच्या दारातून साहेबांचा आवडता बुशशर्ट एक बाही काचेला चिकटवून बाहेर बघत होता. बुडणारा माणूस शेवटचा हात हलवतो, तसा.

"पुराव्याला कोणी हात लावायचा नाही," टॉवेलची गाठ आवळत साहेब म्हणाले.

हे आक्काला उद्देशून होतं. आक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. तिच्या एका हातात पसरट ताट होतं, दुसऱ्या हातात चमचा, आणि ती मशीनपुढे खाली बसायच्या बेतात होती.

"अरे, ही खालची झाकणी उघडून आतली जाळी बघते. काहीतरी अडकलं असेल. दोन मिनिटांचं काम आहे."

"आक्का, उठ."

"अरे पण पाणी—"

"चौकशी पूर्ण होईपर्यंत तू यंत्रापासून तीन फूट लांब राहायचंस. तू संबंधित व्यक्ती आहेस."

आक्का उठली. गुडघे साथ देत नव्हते, त्यामुळे उठताना तिला मशीनचाच आधार घ्यावा लागला. म्हणजे हुकूम सुटला नाही तोच मोडला गेला. साहेबांनी ते मनातल्या मनात टिपून ठेवलं.

'चौकशीसाहेब' हे नाव त्यांना कारखान्यातल्या कामगारांनी दिलं होतं, प्रेमाने नव्हे. कारखान्यात कुठे काही मोडलं, फुटलं, कुणाचं बोट तुटलं, की चौकशी करायला साहेब. चौतीस वर्षांत दोनशे बारा चौकशा केल्या. त्यातल्या दोनशे अकरांचा निष्कर्ष एकच: मानवी चूक. उरलेल्या एका प्रकरणात यंत्रावर मालकाचे जावई उभे होते, म्हणून तिथे 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहावं लागलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना एक पितळी बिल्ला दिला. त्यावर कोरलं होतं: निष्कलंक सेवा. सकाळी फिरायला जाताना साहेब तो शर्टाच्या खिशावर लावून जात. बागेतली कुत्रीसुद्धा त्या बिल्ल्याला बघून बाजूला होत, असं त्यांचं मत होतं.

आक्का या घरात तेहतीस वर्षांपूर्वी भावजयीच्या बाळंतपणासाठी आली होती, दोन महिन्यांकरता. लग्नाचं वय तिने आईच्या आजारपणात घालवलं होतं आणि उरलंसुरलं या धाकट्या भावाच्या शिक्षणात, त्यामुळे परत जायला तिच्याकडे दुसरं घर नव्हतं. भाचा मोठा झाला, त्याला नोकरी लागली, तो आता घरातल्या घरात बसून ऑफिस करू लागला; पण आक्काचे दोन महिने काही संपले नाहीत. मागच्या गॅलरीला लागून सात फूट बाय नऊ फुटांची एक खोली होती. ती तिची. खोलीत एक खाट, एक खुंटी आणि एक खिडकी. खिडकीतून मशीन दिसे.

आणि गेले आठ दिवस घरातल्या बोळात एक मोठं खोकं उभं होतं. त्यावर व्यायामाच्या सायकलीचं चित्र होतं. सायकलवर एक हसरी बाई होती. भावजयीने आक्काची खोली टेपने दोनदा मोजली होती. दुसऱ्यांदा मोजली तेव्हा आक्का दुपारची पडलेली होती. टेप तिच्या घोट्यांवरून गेली.

"वन्सं, हलू नका हं," भावजय म्हणाली होती, "आकडा चुकेल."

तेव्हा आपली गच्छंती होणार, हे आक्काला कळलं होतं. फक्त कुठल्या निमित्ताने, एवढंच कळायचं होतं. पण तिचा एका गोष्टीवर भरवसा होता. ती गोष्ट म्हणजे मशीनचं ते गोल बटण.

मशीन अकरा वर्षांचं. बटणाभोवती छापलेले आकडे, चित्रं, अक्षरं, सगळं घासून घासून केव्हाच गेलं होतं. बटण आता विधवेच्या कपाळासारखं कोरं होतं. कुठे सुती, कुठे लोकरीचे, कुठे नुसतं पिळायचं, ते फक्त आक्काच्या बोटांना ठाऊक. सुती कपड्यांना उजवीकडे इतके खटके, पडद्यांना तितके, मध्ये एकदा उलटं फिरवून जरा दाबून धरायचं, आणि मग चालू करायचं. भाच्याने एकदा विचारलं होतं, "आत्या, शिकव ना." ती म्हणाली होती, "तू तुझं ऑफिस बघ रे बाबा." माणसाला अडाणी म्हणतात, पण आपली गरज कुठे दडवून ठेवायची हे अडाण्याला बरोबर कळतं. जोवर खटके आपल्या बोटांत आहेत तोवर खाट खोलीत आहे, असा तिचा साधा हिशेब होता.

त्यात मशीनच बंद पडलं.

*

साहेबांनी आधी माहितीपुस्तिका शोधली. ती सापडली आक्काच्या उशाखाली, हे पहिलंच संशयास्पद. पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता होता. त्यात तीन रकाने: बिघाड, संभाव्य कारण, उपाय. 'पाणी बाहेर जात नाही' यापुढे लिहिलं होतं, 'जाळीत कचरा अडकला असेल'. आणि त्यापुढे, 'खालची झाकणी उघडून जाळी साफ करा'.

साहेबांनी चष्मा पुसून तो तक्ता दोनदा वाचला आणि मान हलवली.

"अपुरा आहे," ते म्हणाले. "म्हणूनच या देशोदेशींच्या कंपन्या बुडतात."

त्यांनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, आणि तिसऱ्या रकान्याच्या उजवीकडे एक सरळ रेघ मारून चौथा रकाना आखला. वर शीर्षक लिहिलं: जबाबदार व्यक्ती. मग खाली, सगळ्यात आधी, तोच रकाना भरला. जाळीचं नंतर बघता येईल. कामाला एक क्रम असतो.

मंगळवारी जबाब सुरू झाले. जेवणाचं टेबल साफ करून घेतलं. भाचा लॅपटॉप घेऊन लेखनिक म्हणून बसला. त्याचं एक लक्ष ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतं, त्यामुळे जबाबात मधूनच एखादं ऑफिसचं वाक्यही जात होतं. साहेबांनी चौकशीपुरतं बहिणीला अहोजाहो करायचं ठरवलं होतं. नियम म्हणजे नियम.

"बसा. नाव?"

"अरे, मी तुझी—"

"बाबा, 'आत्या' लिहू?"

"'संबंधित व्यक्ती' लिही. हं. सोमवारी सकाळी मशीन कोणी लावलं?"

"मीच. अकरा वर्षांत दुसऱ्या कोणी लावलंय का?"

"विचारलं तेवढंच सांगा. पावडर किती घातलीत?"

"एक वाटी."

"कोणती वाटी?"

"ती कान तुटलेली."

"जप्त करा."

भाच्याने उठून कान तुटलेली वाटी आणली, पिशवीत घातली, पिशवीवर चिठ्ठी चिकटवली.

"बिघाडाच्या वेळी काही आवाज?"

आक्का खुर्चीत पुढे सरकली. हे तिच्या हातचं होतं. "आला ना! आधी घुर्र झालं, मग कण्हल्यासारखं, मग टक-टक-टक. म्हणजे बघ, पंप चांगला आहे. फिरायला बघतोय, पण तोंडाशी काहीतरी टणक अडकलंय. कापडाचा तुकडा असता तर टक-टक आली नसती. नाणं नाहीतर बटण असणार. जाळी उघड, हातात येईल."

"निष्कर्ष काढणं हे साक्षीदाराचं काम नाही," साहेब म्हणाले. "शेवटचं वाक्य खोड."

"कितवं शेवटचं, बाबा?"

"सगळीच खोड."

मग भावजय आली. लिपस्टिक लावून आली होती. जबाब आहे म्हटल्यावर.

"मी त्या वेळी फिरायला गेले होते. माझा त्या मशीनशी काडीचा संबंध नाही. शपथेवर सांगते, ते कुठून चालू करतात हेही मला माहीत नाही."

"नोंद कर," साहेब म्हणाले. "निर्दोष."

"मी कॉलवर होतो," भाचा म्हणाला.

"निर्दोष."

राहिले स्वतः साहेब. निःपक्षपातीपणात ते कुणाला हार जाणारे नव्हते. ते उठले, टेबलाला वळसा घालून साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, घसा खाकरून स्वतःला विचारलं, "आपला काही संबंध?" आणि उत्तर दिलं, "नाही." मग उठून परत आपल्या खुर्चीत येऊन स्वतःचे आभार मानले.

आक्काला हसू आलं. ती चूक झाली. जबाबात 'संबंधित व्यक्ती चौकशीदरम्यान हसली' अशी नोंद झाली.

*

चौकशी नऊ दिवस चालली, आणि तेवढे दिवस साहेबांचं सकाळचं फिरणंही बंद होतं. पण माणसं काही नऊ दिवस उघडी राहू शकत नाहीत. त्यामुळे रोजचे कपडे आक्का न्हाणीघरात बादली घेऊन हाताने धूत होती. चार माणसांचे कपडे, चादरी, टॉवेल. तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांची कातडी सोलली. चौथ्या दिवशी भावजय न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. आक्काला वाटलं, मलम आणलं असेल. भावजयीच्या हातात पडदे होते.

"वन्सं, आता हाताने धुताच आहात, तर हेही काढून टाका. मशीनमध्ये पडदे नीट निघत नाहीत, मी नेहमी म्हणते."

"जड आहेत गं. पिळवायचे नाहीत मला."

"पिळू नका. निथळत ठेवा. तेवढाच तुमच्या हातांना आराम."

पाचव्या दिवशी गॅलरीतून वास यायला लागला. मशीनमधलं पाणी हिरवट झालं, बुशशर्टाची बाही काचेवरून सुटून तळाला गेली. शेजारच्या बाईने खिडकीतून विचारलं, "काय हो, काही मेलंय का तुमच्याकडे?" साहेबांनी आतून उत्तर दिलं, "चौकशी चालू आहे." वहीत लिहिलं: 'पुराव्याच्या अवस्थेत लक्षणीय बदल.'

त्याच दुपारी सगळे झोपले असताना आक्का चमचा घेऊन गॅलरीत गेली. मशीनपुढे बसली. झाकणीला हात लावला. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं लागली असती. पाणी गेलं असतं, मशीन गुरगुरत पुन्हा सुरू झालं असतं, आणि मग कोण काय बोललं असतं? पण हुकूम होता. लहानपणी या भावाचे लंगोट तिने धुतले होते, बोबडे बोल तिने ऐकले होते, पहिली इयत्ता तिने बोट धरून पार पाडली होती. तरी त्याच्या हुकमाची तिला भीती वाटे. वाढवलेल्या वाघाची वाटते तशी. पंजा केवढा होता हे आपल्यालाच आठवत असतं, म्हणून जास्त.

ती चमचा पदराआड घेऊन परत आली. दारात साहेब उभे होते.

"घटनास्थळी काय करत होतात?"

"वास बघत होते."

"नोंद होईल," साहेब म्हणाले आणि झोपायला गेले.

*

दहाव्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. 'तज्ज्ञ साक्षीदार' म्हणून.

तो एक काटकुळा, हसरा माणूस होता. आल्या आल्या त्याने नाकाला रुमाल लावला.

"काका, किती दिवस असं ठेवलंय?"

"साहेब म्हणा."

"साहेब, किती दिवस?"

"प्रकरण गुंतागुंतीचं आहे. तीन जबाब झालेत, माझा धरून चार. फाईल वाचायला देऊ?"

"नको. ताट द्या."

आक्काने ताट आधीच पुढे केलं होतं. मेकॅनिक खाली बसला, झाकणी उघडली, छोटी नळी ओढून पाणी काढलं, ताट भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. मग जाळी फिरवून बाहेर ओढली. जाळीत केसांचा गुंता होता, धाग्यांचा बोळा होता, आणि त्या सगळ्यात गुंडाळलेलं काहीतरी टणक. त्याने ते बोटाने पुसलं आणि उजेडात धरून वाचलं.

"निष्कलंक से... पुढचं घासलंय. काय आहे हो हे?"

नळी ठिबकत होती.

भाच्याने बापाकडे बघितलं, बापाने बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे बघितलं. आक्काने कुणाकडेच बघितलं नाही. तिला छातीत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. सापडलं! नाणं नव्हे, बटण नव्हे. चौकशी अधिकाऱ्याचा स्वतःचा बिल्ला. शर्टावरून न काढता शर्ट धुवायला टाकणारा तोच. आता काय बोलणार? खोकं बोळातच राहणार. सायकलवरची बाई खोक्यावरच हसत बसणार.

"पण आजी," मेकॅनिक झाकणी लावता लावता म्हणाला, "तुम्ही जाळी नेहमी साफ करता ना? इथे चमच्याच्या खुणा आहेत. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना ही झाकणी असते हेच माहीत नसतं. तुमच्यामुळे टिकलंय हो हे मशीन."

"दर महिन्याच्या पहिल्या तारखेला," आक्का म्हणाली. आवाजात थोडा अभिमान आलाच.

साहेबांनी वही उघडली.

"म्हणजे यंत्राचा खालचा भाग तुम्ही दर महिन्याला विनापरवाना उघडत होता."

"अरे, साफ करायला—"

"आणि सोमवारी, गरज असताना, उघडला नाहीत."

"तूच नको म्हणालास ना!"

"मी नको म्हणालो बिघाड झाल्यानंतर. बिघाडाच्या आधी कोणी अडवलं होतं?"

मेकॅनिकने हत्यारं गोळा केली. या घरात जास्त वेळ थांबलो तर आपलंही नाव चौथ्या रकान्यात जाईल, हे त्या शहाण्या माणसाच्या लक्षात आलं होतं. जाताना आक्काजवळ हळूच म्हणाला, "आजी, कधी कंटाळलात तर माझ्याकडे कामाला या." आक्का हसली. तो हसला नाही.

*

निकालाचं वाचन संध्याकाळी चहाच्या वेळी झालं. बिल्ला व्हिनेगरने चकचकीत करून साहेबांच्या खिशावर परत लागला होता.

आक्का म्हणाली, "निकाल कसला वाचतोस? बिल्ला तुझा. शर्ट तुझा."

"शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी कुणाची?"

"माझी होती. तूच बंद केलीस. बघ जा, मशीनच्या वर भिंतीला कागद चिकटवलायस तू."

कागद होता खरा. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरने साहेबांची साखर बंद केली होती, आणि आक्काला त्यांच्या खिशात पेस्ट्रीच्या दुकानाची पावती सापडली होती. ती तिने भोळेपणाने जेवणाच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मशीनच्या वर हुकूम लागला: 'यापुढे कोणीही कुणाच्याही खिशात हात घालू नये.' खाली सही आणि तारीख.

भाचा उठून गॅलरीत गेला, कागद काढून घेऊन आला. "बाबा, हिचं बरोबर आहे."

साहेबांनी कागद वाचला. स्वतःच्या सहीवरून प्रेमाने बोट फिरवलं. क्षणभर, एकच क्षणभर, दोनशे बारा चौकशांचा तो माणूस गडबडलेला दिसला. आक्काने कप खाली ठेवला.

"हुकूम खिशाच्या आतल्या बाजूला लागू आहे," साहेब म्हणाले. "बिल्ला खिशाच्या बाहेरच्या बाजूला होता. बाहेरून बघायला कोणी मनाई केली होती?"

भावजयीने टाळी वाजवली नाही, एवढंच.

"अरे, मला दिसत नाही रे आता नीट," आक्का म्हणाली. "मोतीबिंदू वाढलाय. चार वेळा सांगितलं तुला."

साहेबांचं पेन थांबलं. चेहरा उजळला. हवा असलेला पुरावा आरोपीने स्वतःच्या हाताने आणून द्यावा, असं चौतीस वर्षांतही फार वेळा घडलं नव्हतं.

"लिही," ते मुलाला म्हणाले. "दृष्टी क्षीण. यंत्र चालवण्यास अपात्र. घरात एकटीने वावरण्यास धोकादायक. जिथे देखरेख आहे अशा ठिकाणी व्यवस्था व्हावी."

'अशा ठिकाणी' म्हणजे गावाबाहेरचा वृद्धाश्रम. भावजयीच्या पर्समधून एक अर्ज बाहेर आला. तो भरलेला होता. फक्त सहीची जागा रिकामी होती.

"फार छान जागा आहे, वन्सं. एका खोलीत आठ जणी. गप्पांना तोटा नाही."

आक्काने अर्ज डोळ्यांजवळ नेला. "कारण काय लिहिलंयस?"

"स्वेच्छा."

"आणि ही तारीख? ही तर मशीन बंद पडायच्या चार दिवस आधीची आहे."

"बघा!" भावजय नवऱ्याला म्हणाली. "सोयीचं तेवढं बरोबर दिसतं यांना."

"पूर्वतयारी," साहेब म्हणाले. "नीट चाललेल्या कारभारात निकाल चौकशीसाठी खोळंबून राहत नाही."

आता आक्काकडे एकच पत्ता उरला होता. तो तिने टाकला. "आणि मशीन कोण लावणार? पाठ आहेत ते खटके, माझ्या बोटांना. तुमच्यापैकी कुणाला येतं?"

तिघेही हसले. भाचासुद्धा; आधी बापाकडे बघून, मग.

"आक्का," साहेब म्हणाले. निकाल झाला होता, त्यामुळे ते पुन्हा अगंतुगंवर आले होते. "मी कापूस पिंजायच्या, कापड रंगवायच्या, चाळीस-चाळीस फुटी यंत्रांच्या चौकशा केल्यात. त्या डबड्याचं एक बटण फिरवायला काय अक्कल लागते?"

आक्काने सही केली. तिचं अक्षर चांगलं होतं, वळणदार. या भावाला मुळाक्षरं तिनेच गिरवायला दिली होती.

"आणि जायच्या आधी," भावजय अर्ज घडी करत म्हणाली, "मशीनमधले ते सडके कपडे तेवढे हाताने काढून टाका. आम्हाला वास सहन नाही व्हायचा."

*

दोन दिवसांनी सकाळी टॅक्सी आली. आक्काचं सामान म्हणजे एक पिशवी. खाट तिची नव्हती, खुंटी भिंतीची होती. खोलीत आदल्या संध्याकाळीच सायकल उभी राहिली होती. आक्काची शेवटची झोप सायकलच्या सीटखाली डोकं आणि पेडलखाली पाय अशी झाली.

निरोप द्यायला दारात फक्त भाचा होता. एका कानात ऑफिस होतं, म्हणून तो नुसता हात हलवत होता. भावजय आणि साहेब मघापासून मागच्या गॅलरीत होते. तिकडून दार आपटल्याचे, काहीतरी घसरल्याचे, मध्येच एकमेकांवर खेकसल्याचे आवाज येत होते. सायकल हलवत असतील, असं आक्काला वाटलं.

ती जिन्यावरून एक एक पायरी उतरत खाली आली. ड्रायव्हरने पिशवी घेतली, दार उघडलं. ती बसली. गाडी सुरू झाली. आणि तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"आक्का! ए आक्का! थांब!"

साहेब धावत येत होते. बासष्ट पायऱ्या, वय पासष्ट. श्वास लागला होता. विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती, पायांत एकच चप्पल होती, कोपराला काहीतरी पांढरं लागलं होतं. डोळे लाल झाले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

हा असाच यायचा, लहानपणी. मारामारी करून, भिजून, एक चप्पल हरवून. आणि येऊन तिच्या मांडीत डोकं खुपसायचा. म्हणायचं ते कधी म्हणायचा नाही. तीच ओळखायची.

"बंद करा गाडी," ती ड्रायव्हरला म्हणाली. दार उघडून तिने एक पाय बाहेर ठेवला. पिशवी मांडीवर घेतली. उतरायचंच होतं, तर पिशवी हाताशी बरी.

साहेब खिडकीपाशी आले. गाडीच्या टपावर हात टेकून उभे राहिले. एकदा वर आपल्या मजल्याकडे बघितलं. मग खाली वाकले. कितीतरी वर्षांत त्यांचा चेहरा तिच्या इतका जवळ आला नव्हता.

"आक्का," ते म्हणाले.

"बोल रे, बाळा."

"तू... म्हणजे, मी काय म्हणतो..."

"बोल ना. मी उतरते, थांब."

"नको नको, उतरू नकोस." त्यांनी खिशातून चौकशीची वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि पेनासकट तिच्या मांडीवर ठेवलं. "त्या बटणाला उजवीकडे खटके किती ते तेवढं लिहून दे. आणि अक्षर जरा मोठं काढ."